शेवट कसा वाटला?

पेणच्या एसटी स्टँडवर सुरभी एका माणसाच्या शोधात उभी होती. कुठल्याही माणसाच्या! वय वीस ते तीस, पुरुष, मराठी सिनेमा थेटरात जाऊन बघणारा... एवढंच हवं होतं. बाकी सगळे जमले होते. कॉलेजच्या मुली, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवणारे, पापडाच्या बचत गटातल्या बायका. एक तरुण तेवढा कमी पडत होता, आणि जानेवारीतल्या त्या दुपारी पेणमधल्या झाडून सगळ्या तरुणांना कसली तरी घाई होती.

तिचं काम सांगायला सोपं होतं. मुंबईतला एखादा स्टुडिओ सिनेमा काढतो. तो पुरता तयार व्हायच्या आधीच लहान गावांतल्या लोकांना गुपचूप दाखवतो. लोक कुठे हसले, कुठे मोबाइल काढून बसले, शेवट आवडला का, शेजारणीला बघायला सांगाल का, हे सगळं विचारून घेतो. मग त्यावरून सिनेमाचं नाव ठरतं, पोस्टर ठरतं, जाहिरात ठरते. ही माणसं जमवून त्यांची मतं टिपणाऱ्या एका कंपनीसाठी सुरभी पेण-रोहा भागात काम करायची.

तिचे वडील, गोपाळ सर, शाळेत मराठी शिकवायचे. त्यांना हे काम काही केल्या पटत नसे.

"म्हणजे लोकांना विचारून गोष्ट लिहितात?"

"लिहून झाल्यावर विचारतात, बाबा."

"मग उशीरच झाला की."

रसवंतीपाशी एक जण उभा होता. सावळा, उंच, दाढी जराशी वाढलेली, पाठीला सॅक. तो रस पीत होता, पण लक्ष सगळं स्टँडवरच्या माणसांकडे होतं. तो एकेकाचा चेहरा निवांतपणे बघत होता... घाई नसलेला एकुलता एक!

"दादा, एक मिनिट—"

तो वळला. "दादा तेवढं नका म्हणू. बाकी काहीही विचारा."

सुरभीला हसू आलं. तिनं ते दाबलं आणि पेन सरसावलं. "मराठी सिनेमा थेटरात बघता?"

"डोळे फुटेस्तोवर."

"घरात कुणी सिनेमात, टीव्हीत, जाहिरातीत, पेपरात काम करतं?"

तो क्षणभर थांबला. "घरात आई असते. ती वाल पेरते."

"आणि तुम्ही?"

"मी... आईच्या हाताखाली."

"नाव? गाव?"

"साईराज. निडी. नागोठण्याच्या पुढचं स्टेशन. गाडी थांबते, पण उतरत कुणी नाही." मग थोडं वाकून त्यानं विचारलं, "आणि तुमचं?"

"प्रश्न मी विचारायचेत."

"मग विचारा की अजून... मला घाई नाही."

तिनं त्याला दुसऱ्या दिवशीच्या खेळाचा पास दिला आणि ती निघाली. पुढे गेल्यावर उगीचच एकदा मागे वळून पाहिलं. तो पास उलटसुलट करून बघत होता.

दुसऱ्या दिवशी थेटरात नाव नसलेला सिनेमा सुरू झाला. सुरभी नेहमीसारखी पडद्याच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्याकडे बघायचं नाही, लोकांकडे बघायचं, हा तिच्या कामाचा पहिला नियम. कोण हसलं, कोण कंटाळलं, कोण डोळे पुसून इकडेतिकडे बघतंय...

अंधारात तिची नजर फिरता फिरता चौथ्या रांगेवर थांबली. साईराजही पडद्याकडे बघत नव्हता. तो अर्धा वळून मागच्या माणसांकडे बघत होता. दोघांची नजर एकमेकांना भिडली. सगळं थेटर एका गोष्टीत बुडालेलं आणि ही दोघंच तेवढी काठावर! सुरभीनं मान वळवली. कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या.

मग मात्र तिनं नियम मोडला आणि पडद्याकडे पाहिलं.

गोष्ट एका गावातल्या बाईची होती. नवरा कंपनीत दुसऱ्या शिफ्टला गेलेला. परत येताना ओढ्याला पूर येतो, त्यावरचा साकव, लाकडी पूल, वाहून जातो, आणि तो माणूस सापडतच नाही. ती बाई रोज संध्याकाळी त्याचं पान वाढत राहते. मुलगा मोठा होतो, गावातल्या माणसांच्या गमतीजमती चालू असतात, लोक खदखदून हसत होते. पण शेवटी एका संध्याकाळी ती बाई ते वाढलेलं ताट स्वतःच्या पुढ्यात ओढते आणि जेवायला बसते. घास चावतानाचा तिचा चेहरा... आणि सिनेमा संपला.

सुरभीनं ओढणीनं पटकन डोळे टिपले. तिनं ते कुणाला दिसू दिलं नाही.

नंतर वरच्या खोलीत निवडक लोकांना गोल बसवून तिनं बोलतं केलं. बचत गटातली मैना सगळ्यांत आधी बोलली. "रडू आलं गो, लय आलं. पन सासूला नि पोरांना घेऊन रडायला कोन जाईल? तो सापडला नव्हताच ना? मग येऊ दे की परत!"

"व्हय व्हय, येऊ दे," बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या.

"तुम्हाला शेवट कसा वाटला?" सुरभीनं साईराजला विचारलं.

तो मैनाकडे बघत होता. "मला... सांगता येत नाही."

खाली चहाच्या टपरीवर तो तिची वाट बघत थांबला होता. "आता मी विचारू? तुम्हाला कसा वाटला?"

"मला मत सांगायची परवानगी नाही."

"कुणालाच?"

"घरी गेल्यावर आईला सांगते."

"मग आईचा नंबर द्या. मी त्यांना विचारतो."

सुरभी खळखळून हसली. आणि नंबर दिला... आईचा नाही, स्वतःचा.

त्यानंतर फोन वाजू लागला. आधी कामाच्या निमित्तानं, मग निमित्त नसताना. मालतीबाईंना, तिच्या आईला, मुलीच्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं, पण त्या पापड लाटल्यासारखं मन लावून गप्प बसल्या.

पुढचं काम पोस्टरांचं होतं. सुरभीनं कोलाडचा हायवे निवडला. तिथल्या हॉटेलांत गोव्याकडे जाणाऱ्या गाड्याही थांबतात आणि आजूबाजूचे शेतकरीही चहाला येतात. साईराज म्हणाला, "मी येतो. पोस्टरं धरायला कुणीतरी लागेलच."

तीन पोस्टरं होती. एकावर ती बाई आणि तिच्यासमोरचं ताट. दुसऱ्यावर टेम्पोत कोंबून बसलेलं, दात काढून हसणारं सगळं गाव. तिसऱ्यावर मुलगा आणि त्याची मैत्रीण. ज्याला विचारावं त्याचं बोट टेम्पोवर! एका जाड्या गृहस्थांनी तर ताटाच्या पोस्टरकडे बघून मिसळीची प्लेट बाजूला सारली. "हे बघितलं की भूक मरते, ताई."

साईराज हसला. पण मग त्यानं ते पोस्टर उलटं करून ठेवलं आणि सावलीला जाऊन बसला. सुरभीला वाटलं, ऊन लागलं. तिनं कोकम सरबताचा ग्लास त्याच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही ती काढून घ्यायला जरा उशीर केला.

"दिवसभराची मजुरी एवढीच? सरबत?" त्यानं हळूच विचारलं.

"मग काय हवं?"

"निडीला पोपटी खायला यायचं."

ती गेली. थंडी संपत आली होती, वालाच्या शेंगा भरल्या होत्या. शेताच्या कडेला मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवलेला. आत शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ आणि भांबुर्ड्याचा पाला. त्या पाल्याचा उग्र गोड वास आसमंतात भरून राहिला होता. गिरजाबाई, साईराजची आई, पदर खोचून जाळाची राखण करत होत्या.

"ये गो, बैस. ह्यानं सांगितलं, पेनची पोरगी येनार हाय. मी म्हनलं, येऊ दे, शेंगा काय कमी हायेत?"

गरम शेंगा सोलताना सुरभीची बोटं भाजत होती. साईराज तिच्या वाटच्या शेंगा सोलून दाणे तिच्या ओंजळीत टाकत होता. आईचं लक्ष नाही असं त्याला वाटत होतं. आईचं चांगलं लक्ष होतं.

दिवेलागण झाली तशा गिरजाबाई घरात गेल्या. थोड्या वेळानं सुरभी पाणी प्यायला म्हणून मागोमाग गेली... आणि उंबऱ्यातच थबकली.

स्वयंपाकघरात एक पाट मांडलेला होता. पाटापुढे वाढलेलं ताट. भात, वालाचं बिरडं, बाजूला पाण्याचा तांब्या. पाटावर कुणी नव्हतं. भिंतीवर एका तरुण माणसाचा फोटो होता, त्याला हार नव्हता.

हे ताट तिनं पाहिलं होतं. पेणच्या थेटरात, भिंतीला टेकून.

ती बाहेर आली. साईराज काटकीनं निखारे सारखे करत होता.

"तो सिनेमा कुणाचा आहे?"

त्यानं मान वर केली नाही. "आईचा."

"आणि केलाय कुणी?"

काटकी मोडली. "...मी."

"मी तुला विचारलं होतं, साईराज!"

"तू विचारलंस, घरात कुणी सिनेमात आहे का. घरात खरंच कुणी—"

"गंमत नको. तुझ्यामुळे माझी पेणची सगळी फेरी वाया जाईल. माझं काम जाईल."

तो उभा राहिला. "माझ्या सिनेमाकडे माणसं कशी बघतात ते मला बघायचं होतं. स्टुडिओवाले म्हणाले, दिग्दर्शकानं तिथं जायचं नसतं. मी स्टँडवर नुसता उभा होतो. मग तू आलीस, 'दादा, एक मिनिट' म्हणत. मनात म्हटलं, हिच्याशी खोटं बोलू नये... आणि तोवर बोलून झालं होतं."

सुरभीनं घराकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"त्यांनी पाहिलाय?"

"नाही. रोह्याला लागेल तेव्हा दाखवणार. तो शेवट तिनं बघावा म्हणून तर हा सगळा खटाटोप. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून रोज ती हे ताट वाढतेय. तोंडानं सांगून थकलो, आई, आता पुरे. ऐकत नाय. वाटलं, पडद्यावर एक बाई ताट ओढून घेते हे बघितलं तर..." त्यानं मोडलेली काटकी निखाऱ्यांत टाकली. मग तो हळूच म्हणाला, "आणि आता तू विचारशील, कोलाडच्या उन्हात मी पोस्टरं धरत का उभा होतो."

"का?"

"पोस्टरं तर कुणालाही धरता आली असती, सुरभी."

तिला राग आला होता. खूप. आणि त्या रागाच्या आत कुठेतरी आनंदाची उकळीही फुटत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या शर्टावर उडालेली राख तिनं बोटांनी झटकली, आणि हात तिथंच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं मुंबईच्या ऑफिसात फोन करून समीक्षाला, म्हणजे तिच्या बॉसला, सगळं खरं सांगून टाकलं. समीक्षानं साईराजचं मत बाद केलं, खडे बोल सुनावले, आणि शेवटी विचारलं, "तुझं त्याच्याशी काही आहे का?"

"...आहे."

"मग रोह्याची पुढची फेरी दुसऱ्या कुणाला देऊ?"

"नको. मी जे दिसेल तेच लिहीन."

रोह्याचं थेटर भरलं होतं. कंपन्यांतले कामगार, शेतकरी, शिक्षक, नव्यानं लग्न झालेली जोडपी. साईराज या वेळी आला नाही, त्यानं शब्द दिला होता. शेवटी त्या बाईनं ताट पुढ्यात ओढलं, तेव्हा थेटरात इतकी शांतता पसरली की पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. एक तान्हं मूल कुरकुरलं, तर आईनं त्याला छातीशी घट्ट धरलं. सुरभीच्या अंगावर काटा आला. वाटलं, जिंकलास रे, साईराज!

दिवे लागले. लोकांनी डोळे पुसले, नाकं शिंकरली, आणि हातातल्या कार्डावर लिहिलं, शेवट बदलावा. एकानं लिहिलं, दोघांनी लिहिलं, रांगेच्या रांगेनं लिहिलं. तो परत यायला हवा होता. आम्हाला घरी हसत जायचंय.

सुरभीनं दोन्ही लिहून पाठवलं. ती शांतता, आणि लोकांचं म्हणणं.

स्टुडिओच्या बैठकीत जाहिरातीच्या साहेबांनी शांततेवरून नजर फिरवली आणि पुढे गेले. "शांतता तिकीट काढत नाही," म्हणाले. ठरलं! नवरा परत येणार. पोस्टर टेम्पोचं. ट्रेलरमध्ये सगळे हसण्याचे प्रसंग. बायका गटागटानं येतात, तर सकाळचे खेळ त्यांच्यासाठी. आणि साईराजनं ठेवलेलं 'दुसरी शिफ्ट' हे नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून नवं नाव, 'आलोच गो!'

त्या संध्याकाळी तो पेणला आला. भोगावतीच्या पुलाजवळ दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. आंब्यांना मोहर आला होता, त्याचा वास वाऱ्यावर येत होता.

"तू काय लिहिलंस?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"दोन्ही. शांतता पण लिहिली, साईराज... देवाशपथ."

"माहितीये मला. तू लिहिणारच." तो नदीकडे बघत राहिला. "आईनं वाट बघायची थांबावी म्हणून सिनेमा केला. आता तोच सिनेमा तिला सांगणार, बघ, वाट बघितली की माणूस येतो. ती मरेस्तोवर ताट वाढेल, सुरभी."

"नाही म्हण त्यांना."

"करारावर सही केलीय. मी नाही केला तर ते दुसऱ्याकडून करून घेतील." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू सांग. काय करू?"

सुरभीनं त्याचा हात धरला. तो गार पडला होता. मग ती जे बोलली, ते पुढे कितीतरी दिवस तिच्या कानात वाजत राहिलं.

"तूच कर. दुसऱ्यानं केला तर त्या दारातून दुसराच कुणीतरी आत येईल. तू केलास तर निदान... तुझे बाबा येतील."

त्यानं मान हलवली. तिच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. पुलावरून माणसं जात-येत होती, पेणसारख्या गावात लगेच घरी बातमी पोचली असती. सुरभी हलली नाही.

त्यानं शेवट पुन्हा चित्रित केला. त्या दिवसांत एकदाच त्याचा फोन आला.

"तो नट विचारत होता, आत येताना आधी उजवा पाय टाकू की डावा. मला आठवेचना, सुरभी. बाबा घरात कसे यायचे ते आठवेना. मी ठोकून दिलं, डावा."

"मी येऊ का तिकडे?"

"नको."

मग फोन कमी झाले. आज डबिंग आहे, आज मीटिंग आहे, नंतर करतो. नंतर तर तेही नाही. सुरभी लिहायची, 'जेवलास?' दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही.

मे महिन्यात 'आलोच गो!' लागला आणि धो धो चालला. पेणच्या बचत गटातल्या बायका टेम्पो करून सकाळच्या खेळाला गेल्या. मैना दोनदा जाऊन आली. पहिल्या दिवशी रोह्याच्या थेटराबाहेर उभं राहून सुटणाऱ्या लोकांना विचारायचं काम सुरभीकडेच होतं. शेवट कसा वाटला? मस्त. शेवट कसा वाटला? एकदम झकास, ताई!

साईराज आला नव्हता.

गर्दी ओसरली तेव्हा पायऱ्यांवरून गिरजाबाई उतरताना दिसल्या. शेजारच्या ठमाबाईंनी त्यांचा दंड धरला होता. सुरभी पुढे झाली... आणि सकाळपासून शंभरदा विचारलेला प्रश्न तिच्या तोंडातून फुटेना.

गिरजाबाईच बोलल्या. "आला गो तो."

"काकी..."

"इतकी वर्सं वाटायचं, आला तर कसा येईल? दमून येईल, का कुनाशी भांडून येईल... कायच झालं नाय असा आला. हात धुतलान नि बसला जेवायला. पोटभर जेवला. मी बघितलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पोरगा मातुर घरी येत नाय. त्याला वाटतंय, मी रागावलेय. तू सांग त्याला."

सुरभी त्यांना सोडायला निडीपर्यंत गेली. जेवल्याशिवाय जाऊ नको, म्हणाल्या, म्हणून थांबली. गिरजाबाईंनी भात उतरवला, लोणचं काढलं, ताटं घेतली. एक सुरभीपुढे ठेवलं, एक स्वतःपुढे. सुरभीची नजर आपोआप भिंतीकडे, फोटोखाली गेली. तिथं पाट नव्हता.

"बघतेस काय?" गिरजाबाई म्हणाल्या. "जेवला ना तो दुपारी." आणि त्यांनी भातावर आमटी घेतली.

सुरभी ताटावरून उठली.

तिनं अंगणात येऊन फोन लावला. या वेळी त्यानं उचलला. "मी माझ्यासाठी नाही केला फोन," ती म्हणाली. "घरी ये. आईनं आज एक ताट कमी वाढलंय."

पलीकडून फक्त श्वास ऐकू आला.

तो सकाळच्या गाडीनं आला. शेवटची गाडी चुकल्यानं ठमाबाईंकडे मुक्काम केलेली सुरभी निघायच्या तयारीत होती, तर तो फाटकातून आत येताना दिसला. वाळला होता. गिरजाबाई वालाचे दाणे पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, आणि तो त्यांच्या मांडीत डोकं घालून लहान पोरासारखा रडला. "उगी, उगी," त्या म्हणत होत्या. "चांगला केलास रे. लय चांगला केलास."

सुरभी मागच्या मागे निघाली. शेताच्या बांधावर त्यानं तिला गाठलं. स्टेशनापर्यंत दोघं बरोबर चालली. शेतं रिकामी होती, ऊन तापायला लागलं होतं.

"मला वाटलं होतं, तो शेवट बघून ती आणखी वाट बघेल," तो म्हणाला.

"मलाही तेच वाटलं होतं."

"आणि तरी मला कर म्हणालीस."

"तुझ्या हातून तो जाऊ नये, एवढंच मनात होतं. दुसरं काही नव्हतं रे."

"ठाऊक आहे. तू बरोबर होतीस. ते लोक बरोबर होते. आईसुद्धा सुटली..." निडीचा छोटासा प्लॅटफॉर्म समोर आला तसा तो थांबला. "मीच अडकलो, सुरभी. आता बाबांचा चेहरा आठवायला गेलो की तो नटच दिसतो. डावा पाय टाकून आत येणारा. यात तुझी काही चूक नाही. पण तुझा आवाज ऐकला ना, की तेच दार उघडतं."

गाडीची शिटी ऐकू आली. रोह्याकडून येत होती, पेणला जाणारी.

सुरभीनं विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तिच्या तोंडून गेलंच. "मी थांबू का? तुला बरं वाटेपर्यंत?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच इतकं नीट, सावकाश. मग त्याची नजर शेतापलीकडच्या घराकडे गेली.

"नको," तो म्हणाला. "थांबू नकोस. आमच्या घरात पुष्कळ थांबून झालंय."

गाडी आली. तिनं दांडी धरली. त्यानं तिचा दुसरा हात धरून तिला वर चढवलं, आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. हलली, तशी बोटं आपोआप सुटली. तो तसाच उभा होता. गाडीनं वळण घेतलं, आणि निडी दिसेनाशी झाली.

डब्यात फार गर्दी नव्हती. एक म्हातारी बाई आंब्याची पाटी पायाशी घेऊन खिडकीत बसली होती. सुरभी तिच्यासमोर बसली, तोंड फिरवलं, ओढणी डोळ्यांना लावली. तरी खांदे हलतच होते.

म्हातारीनं थोडा वेळ पाहिलं. "कोन गेला का गो तुझा?"

"नाही हो, मावशी." सुरभीनं नाक पुसलं. "सगळे आहेत... नीट आहेत."

म्हातारी उठली. पाटी पायानं बाजूला सारली आणि आपली खिडकीची जागा तिला दिली.

"मग बैस हितं. रड निवांत. पेन यायला अजून येळ हाय."